ॲटलास पतंग : बातमीतला आणि झाडावरचा

पावसाळा स्थिरावला की कोकणातून, घाटमाथ्यावरून, ठाणे-बोरिवलीच्या जंगलालगतच्या वस्त्यांमधून एक फोटो फिरू लागतो. भिंतीवर पंख पसरून बसलेला, तळहातापेक्षाही मोठा, तांबूस-तपकिरी जीव. सोबतचा मजकूर दरवर्षी जवळपास तोच असतो : ‘जगातील सर्वांत मोठे, दुर्मीळ फुलपाखरू आढळले.’ या एका ओळीत तीन दावे आहेत आणि तिन्ही तपासून घ्यावे लागतात.

फुलपाखराचं आधी संपवू. हा पतंग आहे, ॲटलास मॉथ. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला बारीक गाठ असते. याच्या मिशा पिसासारख्या असतात, नराच्या तर चांगल्याच रुंद. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत, तर पतंगांच्या दहा हजारांहून जास्त. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण संख्येने इतके जास्त असलेले पतंग आपल्या लेखी अजून ‘दिव्यावरची पाखरं’च आहेत, हे खटकतं.

‘सर्वांत मोठा’ हे कशावरून ठरवायचं त्यावर आहे. ॲटलासच्या पंखांचा विस्तार २४-२५ सेंटीमीटरपर्यंत जातो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या व्हाइट विच या पतंगाचे पंख त्याहून लांब, अठ्ठावीस सेंटीमीटरच्या आसपास भरतात. मात्र ते निमुळते असतात. पंखांचं क्षेत्रफळ धरलं तर ॲटलास आणि न्यू गिनी-उत्तर ऑस्ट्रेलियातला हर्क्युलीस मॉथ यांची गणना जगातल्या सर्वांत मोठ्या पतंगांत होते. म्हणजे ‘जगातल्या सर्वांत मोठ्या पतंगांपैकी एक’ एवढं म्हटलं की पुरे.

खरा घोळ ‘दुर्मीळ’ या शब्दात आहे. हा पतंग क्वचित दिसतो, याचं कारण त्याच्या आयुष्याच्या वाटणीत आहे. मादी पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालते. साधारण दोन आठवड्यांत त्यातून सुरवंट बाहेर येतो आणि पुढचा महिना-दीड महिना फक्त खातो. मोठा झालेला सुरवंट बोटापेक्षा जाड, फिकट निळसर हिरवा असतो. त्याच्या पाठीवर मांसल काट्यांच्या रांगा असतात आणि अंगभर पांढरी, मेणचट भुकटी असते. दालचिनी, पेरू, लिंबाच्या कुळातली झाडं, महारुखासारखे वृक्ष अशा बऱ्याच झाडांची पानं त्याला चालतात. मग तो पानं ओढून घेतो, त्यांच्या आत तपकिरी रेशमाचा कोष विणतो आणि पानाचा देठ त्याच रेशमाने फांदीला घट्ट बांधून टाकतो. पान वाळलं तरी गळत नाही. कोरड्या दिवसांत हा कोष कित्येक महिने असा लटकत राहतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, एक सुकलेलं पान अडकलंय.

एवढ्या तयारीनंतर पंख फुटलेल्या पतंगाला मिळतात जेमतेम एक-दोन आठवडे. त्याला खाता येत नाही, कारण त्याची सोंड कामाचीच नसते. सुरवंटपणी साठवलेल्या चरबीवर तो जगतो. मादी बहुधा कोषाजवळच थांबते, पोटाच्या टोकातून गंध सोडते आणि नर त्या पिसांसारख्या मिशांनी माग काढत दुरून येतो. मीलन, अंडी, शेवट. हे सगळं रात्री चालतं. त्यामुळे आपल्या भिंतीवर तो वर्षातून एखाद्या वेळी दिसला, तर त्यावरून जंगलात ते किती आहेत याचा अंदाज बांधता येत नाही. दिवसा निपचित बसलेला दिसतो, तेव्हा तो विश्रांती घेत असतो. पंखांच्या कडा फाटलेल्या असल्या तर बहुधा तो आपल्या अखेरच्या दिवसांत असतो. त्याला वाटीतून साखरपाणी देणाऱ्यांची माया समजते, पण त्याचा त्याला काडीचा उपयोग नाही.

ओळख पटवताना आकारावर विसंबू नका, पंखांवरच्या खिडक्या पाहा. ॲटलासच्या चारही पंखांवर खवले नसलेला, काचेसारखा पारदर्शक त्रिकोण असतो, भोवती काळी कड. आपल्याकडच्या तसर पतंगाच्या पंखांवरही पारदर्शक ठिपका असतो, पण तो गोल, डोळ्यासारखा. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूरकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ज्याचे कोसे पिकवतात, तोच हा तसर. मून मॉथ तर फिकट पोपटी आणि मागे लांब शेपट्यांचा. तो ओळखण्यात चूक होऊच नये. हे तिघेही एकाच सॅटर्नीडी कुळातले, रेशीम विणणारे. ॲटलासच्या कोषातून मात्र तसरसारखा सलग धागा निघत नाही, म्हणून त्याचा मोठा धंदा उभा राहिला नाही. तैवानमध्ये त्याचे टणक कोष चिल्लर ठेवायच्या पाकिटासारखे वापरले गेले आहेत.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. बातम्यांमध्ये सरसकट ॲटॅकस ॲटलास हे शास्त्रीय नाव येतं. ती जाती हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत आणि आग्नेय आशियातली. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या पतंगाला ॲटॅकस टॅप्रोबॅनिस म्हणतात आणि सह्याद्रीतला पतंग याच जातीत धरला जातो. दोघं दिसायला इतके सारखे की नुसत्या फोटोवरून छातीठोक निर्णय देऊ नये. फोटो कुठे काढला, ही नोंद म्हणूनच फोटोइतकीच महत्त्वाची.

मग या पतंगाच्या पंखांवर साप दिसतो म्हणतात, त्याचं काय? पुढच्या पंखाचं टोक वळलेलं असतं, तिथल्या रंगछटा आणि काळा ठिपका यांमुळे सापाचं डोकं बाजूने पाहिल्याचा भास होतो, हे खरं. पक्षी यामुळे बिचकत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो पटण्यासारखा आहे, पण तर्कच आहे. डिवचलं की पतंग जमिनीवर पडून पंख हळूहळू हलवतो, त्याने भास आणखी वाढतो. पण तो डसत नाही, त्याच्याकडे विषही नाही. पंखांची भुकटी डोळ्यांत गेली तर माणूस आंधळा होतो, ही लहानपणी ऐकलेली भीतीही निराधार. ती भुकटी म्हणजे सुटे झालेले खवले. डोळा चुरचुरेल, धुतला की झालं. अंगाला खाज आणणारे केसाळ सुरवंट वेगळे. ॲटलासचा सुरवंट फार तर उग्र वासाचा द्रव उडवतो, तोही मुंग्या-पालींना पळवण्यासाठी.

शेवटचा गैरसमज आपल्या कवितेनेही जोपासलेला आहे : पतंग दिव्यावर जीव ओवाळतो. २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी दिसून आलं की उडणारे कीटक आपली पाठ प्रकाशाकडे वळवतात. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून या सवयीने त्यांना वर-खाली कळतं. जवळच्या बल्बपाशी हीच सवय घात करते आणि पतंग गोल गोल फिरत अडकतो. मोजक्या रात्रींचं आयुष्य घेऊन आलेल्या ॲटलासची एक रात्र आपल्या पोर्चच्या दिव्याखाली वाया जाते, तेव्हा त्यात जोडीदार शोधण्याची एक संधी जाते.

म्हणून त्याचा अधिवास म्हणजे नुसतं ‘घनदाट जंगल’ समजू नका. पानं खाऊ घालणारी झाडं, महिनोन्‌महिने न हलवलेल्या फांद्या आणि अंधारी रात्र, एवढं मिळालं तर तो परसबागेतही वाढतो. वणव्यात किंवा राबासाठी तोडून जाळलेल्या फांद्यांत असे कोष गेले, तर पुढच्या पावसात तिथून उडायला कोणी उरत नाही.

यंदा तो दारात आला, तर पंखांना हात लावू नका. काठीवर चढवून झुडपात सोडा आणि बाहेरचा दिवा मालवा. वरून एक स्पष्ट फोटो, तारीख, गाव आणि जवळच्या झाडांची नावं एवढी नोंद करून आयनॅचरलिस्ट किंवा मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळावर टाका. आणि हिवाळ्यात पेरू-दालचिनीची छाटणी करताना, देठापाशी रेशमाने बांधलेलं एखादं वाळकं पान दिसलं, तर तेवढी फांदी राहू द्या.