तांब्याच्या खाणीपासून पुठ्ठ्याच्या खोक्यापर्यंत

१६४४ साली स्वीडनने दहा दालेरचं एक नाणं पाडलं. त्याचं वजन जवळजवळ वीस किलो भरत असे. नाणं कसलं, ती तांब्याची लादीच होती, वर शिक्के मारलेली. देशात चांदीची चणचण आणि तांबं मात्र मुबलक; तेव्हा चांदीच्या मोलाचं तांबं नाण्यात घालायचं, असा सरकारचा हिशोब होता. ही लादी ना खिशात मावे, ना हाताने सहज नेता येई. अखेर १६६१ साली स्टॉकहोममध्ये योहान पाल्मस्ट्रुकच्या बँकेने कागदी नोटा काढल्या. युरोपातल्या या पहिल्या बँकनोटा. बँक काही वर्षांतच बुडाली, कारण तिने गंगाजळीपेक्षा जास्त नोटा छापल्या. पण तांब्याच्या देशात कागदाचा शिरकाव झाला तो झालाच.

हे तांबं येत होतं फालून गावच्या खाणीतून. ती खाण चालवणारा उद्योग आज ‘स्टोरा एन्सो’ या नावाने पुठ्ठा, लगदा आणि लाकूड विकतो. कंपनीचं मुख्यालय हेलसिंकीत आहे आणि २०२४ सालची विक्री सुमारे नऊ अब्ज युरोंची. सातशे वर्षांत या उद्योगाने तांबं सोडलं, लोखंड सोडलं, आता छपाईचा कागदही जवळजवळ सोडला. दर वेळी तो तरला, याचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. मात्र प्रत्येक स्थित्यंतराची किंमत कोणी मोजली, हेही त्याच इतिहासात लिहिलेलं आहे.

फालूनच्या खाणीचा सर्वांत जुना लेखी पुरावा १६ जून १२८८ चा. व्हेस्टेरोसच्या पेटर नावाच्या बिशपने खाणीतला आठव्या हिश्श्याचा वाटा पुन्हा मिळवल्याचा हा दस्तऐवज आहे. शेअरच्या व्यवहाराचा इतका जुना कागद क्वचितच कुठे सापडतो. आजच्या अर्थाने ती तेव्हा कंपनी नव्हती, हे खरं. पण वाटा विकता येतो, परत घेता येतो आणि धंदा मालकांवाचून पुढे चालू राहतो, ही कल्पना त्यात स्पष्ट दिसते. सतराव्या शतकात ही खाण भरात होती, तेव्हा युरोपातलं सुमारे दोन तृतीयांश तांबं एकट्या फालूनमधून निघे.

खाणीत उतरणाऱ्या माणसांपैकी एकाची गोष्ट एका प्रेतावरून कळली. १७१९ साली खाणकामगारांना पाण्याने भरलेल्या एका जुन्या बोगद्यात एका तरुणाचा देह मिळाला. चेहरा जसाच्या तसा. पाण्यातल्या गंधकयुक्त क्षारांनी तो कुजू दिला नव्हता. ओळख पटेना. तेव्हा एक म्हातारी पुढे आली आणि तिने त्याला ओळखलं. तो मात्स इस्राएलसन होता, तिचा वाग्दत्त वर, १६७७ साली खाणीत उतरला तो परत न आलेला. बेचाळीस वर्षांत ती म्हातारी झाली होती आणि तो तसाच राहिला होता. एवढ्या दीर्घ इतिहासात साधा खाणकामगार नावानिशी भेटतो, तो असा. १६८७ साली खाणीचा मोठा भाग खचून प्रचंड खड्डा पडला. तो मध्य-उन्हाळ्याच्या सणाचा दिवस होता. कामाला सुट्टी होती, म्हणून जीवितहानी टळली.

या खाणीला धातूइतकीच गरज लाकडाची होती. खडकाला ओंडक्यांचा जाळ लावायचा, तो तापून तडकला की फोडायचा. मग खनिज भाजायला लाकूड आणि वितळवायला कोळसा. त्यामुळे खाणवाल्यांनी आजूबाजूच्या जंगलांवर हक्क मिळवले, पुढे जंगलं विकतही घेतली. तांबं ओसरल्यावर त्यांनी लोखंड धरलं. त्यालाही कोळसा लागतच होता. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्यापासून कागद करण्याचं तंत्र रुळलं, तेव्हा जळण म्हणून राखलेलं हे जंगलच खरं भांडवल ठरलं. १९०० साली क्वार्नस्वेडेनला कागद गिरणी सुरू झाली. पोलादाचा धंदा १९७८ मध्ये सरकारची भागीदारी असलेल्या नव्या पोलाद कंपनीत गेला आणि फालूनची खाण १९९२ मध्ये बंद पडली. आज ती जागतिक वारसास्थळ आहे.

आजच्या स्टोरा एन्सोमागचं दुसरं घराणं फिनलंडचं. हान्स गुटसाइट या नॉर्वेजियन उद्योजकाने १८७२ मध्ये कोत्का बंदरात वाफेवरची लाकूड गिरणी काढली. फिनलंड स्वतंत्र झाल्यावर लगेचच, १९१८ मध्ये, तिथल्या सरकारने या कंपनीचे बहुसंख्य शेअर घेतले. नव्या देशाकडे विकण्यासारखं होतं ते जंगलच. कंपनीच्या नावात आलेलं एन्सो हे गाव पुढे युद्धात सोव्हिएत संघाकडे गेलं, आज ते रशियात स्वेतोगोर्स्क म्हणून आहे. कंपनीने नाव मात्र टाकलं नाही. १९९८ मध्ये फालूनची स्टोरा आणि फिनलंडची एन्सो एक झाल्या.

एकत्र आल्यावरचा पहिला मोठा डाव फसला. २००० साली त्यांनी अमेरिकेतली ‘कन्सॉलिडेटेड पेपर्स’ अब्जावधी डॉलर ओतून घेतली आणि २००७ मध्ये तिथला पसारा बराच तोटा सोसून विकला. नियतकालिकांच्या चकचकीत कागदाला आता कायम मागणी राहील, हा अंदाज इंटरनेटने खोटा पाडला होता.

त्यानंतर कारखाने बंद होत गेले. लॅपलंडमधल्या केमियार्वीची लगदा गिरणी २००८ मध्ये बंद झाली. गावाने निदर्शनं केली, राजधानीपर्यंत धडक मारली. निर्णय बदलला नाही. लोकांना जास्त बोचली ती एक गोष्ट: कंपनीत मोठा भागधारक फिनलंडचं सरकारच होतं. हामिनाजवळची सुम्मा कागद गिरणीही त्याच वर्षी थंडावली. २००९ मध्ये ती जागा गूगलने घेतली आणि तिथे डेटा सेंटर उभारलं; गिरणीसाठी खोदलेल्या बोगद्यातून येणारं समुद्राचं पाणी आता संगणक थंड ठेवतं. कागदाला ज्याने मागे सारलं, त्याचंच यंत्र कागदाच्या गिरणीत येऊन बसलं. क्वार्नस्वेडेन २०२१ मध्ये बंद झालं. ती जागा बॅटरी बनवणाऱ्या नॉर्थव्होल्टने घेतली, गावाला पुन्हा आशा वाटली. पण तो प्रकल्प गुंडाळला गेला आणि २०२५ मध्ये नॉर्थव्होल्टच दिवाळखोरीत निघाली. एकाच गावाला ही दुसरी झळ.

तरीही लाकडाची मागणी घटली नाही, तिने रूप बदललं. दुधाचं किंवा सरबताचं टेट्रा पॅकचं खोकं कापून पाहावं. त्यात अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ पापुद्रा आणि प्लॅस्टिकचे थर असतात, पण वजनाचा मोठा भाग पुठ्ठ्याचाच. हा पुठ्ठाही एकसंध नसतो. बाहेरचे थर रासायनिक लगद्याचे, मजबूत आणि छपाईला गुळगुळीत. मधला थर फुगीर, कमी लगद्यात जास्त जाडी देणारा. त्या मधल्या थरामुळे खोकं हलकं असूनही दबत नाही. फिनलंडच्या इमात्रा इथल्या गिरण्या अशाच पुठ्ठ्यासाठी ओळखल्या जातात आणि टेट्रा पॅक हा स्टोरा एन्सोचा जुना ग्राहक आहे. पुण्याजवळ चाकणला टेट्रा पॅकचा कारखाना आहे, त्यामुळे ही खोकी महाराष्ट्राला काही परकी नाहीत. प्लॅस्टिकच्या जागी पुठ्ठा यावा ही मागणी योग्यच आहे. फक्त पुठ्ठा म्हटला की सारं निर्मळ, असं समजून चालत नाही.

उत्तर युरोपातला स्प्रूस वृक्ष तोडणीला यायला साठ-ऐंशी वर्षं लागतात, ब्राझीलमधली निलगिरी सात वर्षांत येते. म्हणून बाहिया राज्यात स्टोरा एन्सोच्या भागीदारीत ‘वेरासेल’ची लगदा गिरणी उभी राहिली, २००५ मध्ये. तिच्या आदल्याच वर्षी भूमिहीन शेतमजुरांच्या चळवळीतली हजारो कुटुंबं निलगिरीच्या लागवडीत घुसली होती. झाडं तोडून त्यांनी तिथे घेवडा पेरला. पाताशो आदिवासींचाही या भागातल्या जमिनींवर दावा आहे. एवढी सुपीक जमीन लगद्याला द्यायची की अन्नाला, हा त्यांचा सवाल खोक्यावरच्या हिरव्या पानाच्या चित्राने सुटत नाही.

पाकिस्तानात तर थेट लहान मुलंच सापडली. कंपनीच्या तिथल्या भागीदारीतल्या कारखान्याला लागणारी रद्दी कचरावेचकांकडून येई. २०१४ मध्ये स्वीडनच्या टीव्ही ४ वाहिनीने त्या साखळीत मुलं राबत असल्याचं दाखवलं, तेव्हा याची माहिती कंपनीला आधीपासून होती हेही उघड झालं. शाळा, आरोग्यसेवा असे उपक्रम मग सुरू झाले. २०१७ मध्ये कंपनी भागीदारीतून बाहेर पडली. रद्दी वेचणं त्यामुळे थांबलं नसणार. रद्दीच्या वजनावर पोट असलेली घरं भारतातल्या शहरांतही आहेत आणि पुठ्ठ्याचा पुनर्वापर त्यांच्याच हातांवर उभा आहे. त्यांना नीट भाव मिळतो का, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही खोक्याला पर्यावरणस्नेही म्हणणं अपुरं आहे.

ओउलूच्या गिरणीत हा सगळा बदल एका जागी दिसतो. तिथे २०२० पर्यंत छपाईचा चकचकीत कागद होई. मग ते यंत्र पन्हळी खोक्यांच्या जाड कागदाकडे वळवलं आणि २०२५ मध्ये तिथेच सुमारे एक अब्ज युरो खर्चून खाद्यपदार्थांच्या वेष्टनांसाठीचा पुठ्ठा करणारी नवी यंत्रसाखळी सुरू झाली. तिची क्षमता वर्षाला साडेसात लाख टन आहे. त्याच वर्षी कंपनीने स्वीडनमधल्या जंगलाचा सुमारे १,७५,००० हेक्टरचा भाग सुमारे ९० कोटी युरोंना विकला आणि उरलेल्या स्वीडिश जंगलाची मालकी पुठ्ठ्याच्या धंद्यापासून वेगळी करावी का, याचाही विचार सुरू केला. भागधारकांना यात जंगलाची खरी किंमत मोकळी होताना दिसते. पण तांबं संपलं, पोलाद गेलं, कागद आटला, त्या प्रत्येक वेळी या कंपनीला पुढचा धंदा उभारता आला, तो पाठीशी स्वतःचं जंगल होतं म्हणून.