ल्यूसीबाईंचं वसतिगृह

वसतिगृह म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? ओळीनं लावलेल्या खाटा, खाली सरकवलेल्या ट्रंका, जेवणाची घंटा आणि कडक रेक्टर! पण वसतिगृह हीसुद्धा एक शाळाच आहे, असं मानणाऱ्या एक बाई अमेरिकेत होऊन गेल्या. त्यांचं नाव ल्यूसी डिग्ज स्लो.

ल्यूसी कृष्णवर्णीय होती. लहानपणीच आईवडील वारले. आत्यानं तिला वाढवलं. शिष्यवृत्तीवर ती वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकली आणि १९०८ मध्ये वर्गात पहिली येऊन पदवीधर झाली. पुढे ती शिक्षिका झाली. टेनिसची तिला भारी आवड! त्या काळी गोऱ्यांच्या स्पर्धांची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती. म्हणून त्यांनी स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. १९१७ च्या पहिल्याच स्पर्धेत महिलांचं अजिंक्यपद ल्यूसीनं पटकावलं. आडनाव स्लो, पण कोर्टावर चपळ!

१९२२ मध्ये ल्यूसीबाई हॉवर्ड विद्यापीठातच विद्यार्थिनींच्या अधिष्ठाता झाल्या. या पदावरच्या बाईंनी मुलींवर फक्त पाळत ठेवायची, अशी तेव्हाची समजूत होती. ल्यूसीबाईंना ते मुळीच पटेना. सतत धाकात राहिलेली मुलगी पुढे स्वतःच्या पायांवर उभी कशी राहणार? मुलींना चांगली राहती जागा हवी आणि तिथं त्यांनी आपले निर्णय आपण घ्यायला शिकावं, असा त्यांचा आग्रह होता. १९३१ मध्ये मुलींसाठी तीन नवी वसतिगृहं उभी राहिली. तरी बाईंचा झगडा संपला नाही. पुरुष अधिष्ठात्यांपेक्षा त्यांना पगार कमी होता. त्याविरुद्ध त्या अखेरपर्यंत बोलत राहिल्या. १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं.

मग दुसरं महायुद्ध आलं. सरकारी कचेऱ्यांत काम करायला गावोगावच्या मुली वॉशिंग्टनला आल्या. पण कृष्णवर्णीय मुलींना खोली देणार कोण? १९४२ मध्ये सरकारनं त्यांच्यासाठी वेगळी इमारत बांधली. तिला नाव दिलं ‘ल्यूसी डिग्ज स्लो हॉल’. वर्णभेदामुळे वेगळी बांधावी लागलेली इमारत आणि नाव मात्र भेदभावाशी जन्मभर झगडलेल्या बाईंचं! पुढे ती इमारत हॉवर्ड विद्यापीठाकडे आली आणि अनेक वर्षं विद्यार्थ्यांचं घर झाली.

तुमच्या गावातल्या वसतिगृहाच्या पाटीवर कुणाचं नाव आहे? त्यांनी काय केलं होतं? घरी, शाळेत विचारून पाहा बरं!