खुब्यातला गोळा

टांग टाकून सायकलवर बसताना पाय मागे जातो, बाजूला उचलला जातो आणि वळतोही. हे सगळं एकाच सांध्यात घडतं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक आतल्या बाजूला वळून एका मानेवर गोळा धरतं. हा गोळा साडेचार सेंटीमीटरच्या आसपास असतो आणि कमरेच्या हाडातल्या खोल खळगीत बसतो. हा खुब्याचा उखळीचा सांधा. खांद्यालाही गोळा आहे, पण तिथली खळगी उथळ. म्हणून हात जास्त फिरतो आणि खांदा लवकर निखळतो.

खाटकाकडे नळीचं टोक नीट पाहिलं, तर त्यावर तुकतुकीत, निळसर पांढरा थर दिसतो. ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. सांध्यातल्या द्रवावर ती जगते. त्यामुळे तिची झीज नीट भरून येत नाही आणि सुरुवातीला दुखतही नाही.

कूर्चेखालच्या हाडाला मात्र रक्त लागतं आणि प्रौढांमध्ये ते मुख्यतः मानेला बिलगून वर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून येतं. म्हातारं माणूस न्हाणीघरात घसरलं, मांडीच्या हाडाची मान मोडली, की अनेकदा गोळ्याचा पुरवठाच तुटतो. न पडताही गोळा मरतो : अतिमद्यपान, स्टेरॉइड्सचे मोठे डोस, सिकलसेल हा रक्ताचा आजार. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत सिकलसेल आढळतो, त्यामुळे तिथे खुब्याचं हे दुखणं तरुणांनाही गाठतं.

मग गोळा बदलायचा. पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी १९४६ मध्ये ॲक्रिलिकचा गोळा बसवला. अशाच एका रुग्णाचा खुबा करकरतो हे इंग्लंडच्या जॉन चार्नली यांच्या कानावर आलं आणि ते घर्षणाच्या मागे लागले. त्यांनी धातूचा गोळा चक्क निम्म्यावर आणला : २२.२२५ मिलिमीटर. गोळा जितका लहान, तितका खळगीत बसवलेल्या पेल्याला पिळणारा जोर कमी. हिशेब अचूक होता. फसला तो टेफ्लॉनचा पेला. तो थोड्या वर्षांतच झिजला आणि त्याच्या भुग्याने आजूबाजूचं हाड बिघडलं. चार्नलींनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन शरीर काय करतं ते तपासलं! १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलीनचा पेला वापरला आणि शस्त्रक्रिया स्थिरावली.

लहान गोळ्याची एक खोड उरलीच : तो लवकर निखळतो. पॉलिथिलीन सुधारलं तसे २८, ३२, ३६ मिलिमीटरचे गोळे रुळले. तरीही खुबा बदललेल्या माणसाला मांडी घालण्याआधी किंवा उकिडवं बसण्याआधी सर्जनला विचारावं लागतं.