दुकानाचा विमा आणि तिऱ्हाइताचे नुकसान

३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरील कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या कुटुंबापर्यंत ज्वाळांच्या आधी धूर पोहोचला आणि सात जणांचा गुदमरून मृत्यू झाला. त्यांत दोन लहान मुले होती. त्याआधी तीनच महिने, ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे, वाळूज औद्योगिक वसाहतीतील हातमोज्यांच्या कारखान्यात सहा कामगार आगीत दगावले होते. औरंगपुऱ्यातील जिल्हा परिषदेच्या मैदानावर २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत, फटाक्यांच्या दुकानांच्या रांगा भस्मसात झाल्या, हेही नागरिक विसरलेले नाहीत.

या दुर्घटनांत दोष कोणाचा, हा तपासाचा आणि न्यायालयाचा विषय आहे. येथे प्रश्न निराळा आहे. एखाद्या लहान व्यवसायातून अपघात उद्भवला आणि व्यवसायाशी कसलाही संबंध नसलेल्या माणसाचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई द्यायची कोणी, आणि कोठून?

‘आमच्या दुकानाचा विमा आहे,’ असे बहुतेक व्यापारी समाधानाने सांगतात. ते खोटे नसते. पण तो विमा कशाचा, हे फारसे कोणी पाहत नाही. कर्ज देताना बँक आगीचा विमा उतरवण्याची अट घालते, म्हणून तो उतरवला जातो. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या नावाची प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. इमारत, यंत्रे, कच्चा व पक्का माल यांना आग, वीज, पूर यांपासून ती संरक्षण देते. अर्थात हे संरक्षण मालकाच्या मालाचे, आणि पर्यायाने बँकेच्या कर्जाचे असते. दुकानाच्या पायरीवरून घसरून गिऱ्हाइकाचा पाय मोडला, नामफलक कोसळून पादचारी जखमी झाला, किंवा खानावळीतल्या सिलिंडरच्या स्फोटाने शेजारचे घर पडले, तर त्या माणसाची भरपाई करणे हे या पॉलिसीचे मुख्य काम नव्हे. त्यासाठी वेगळा विमा लागतो. त्याला सार्वजनिक दायित्व विमा म्हणतात. तो घेणारे लहान व्यावसायिक मात्र विरळाच.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. आपल्या हलगर्जीपणामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते भरून देणे बंधनकारक आहे, आणि नोकराने काम करताना केलेल्या चुकीची जबाबदारीही मालकावरच येते. दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये एका कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली याच्याही पुढे जाऊन सांगितले, की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला ‘आमची चूक नव्हती’ असा बचाव करता येणार नाही, आणि भरपाईची रक्कम त्या उद्योगाच्या ऐपतीच्या प्रमाणात असावी. मोठ्या कारखान्यापुरता हा न्याय चोख आहे. परंतु ज्याची ऐपतच तोकडी, त्याच्याविरुद्ध निकाल मिळूनही जखमी माणसाच्या हाती काय लागणार? उलट, एकट्याच्या मालकीच्या दुकानात दुकानाचे देणे आणि घरचे देणे वेगळे नसते. भागीदारीत तर एकाच्या चुकीचे संपूर्ण देणे कोणत्याही भागीदाराकडून वसूल होऊ शकते. एका अपघाताने दोन कुटुंबे रस्त्यावर येतात, एक जखमीचे आणि दुसरे दुकानदाराचे.

भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर संसदेने १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा केला. दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता पीडितांना तातडीची मदत मिळावी, हा त्याचा हेतू होता. परंतु त्याची सक्ती ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक घातक पदार्थ हाताळणाऱ्यांपुरतीच आहे. गुलमंडीतील कापडाचे दुकान, शहागंजमधील उपाहारगृह, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील शिकवणी वर्ग एरवी या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत.

येथे एक विसंगती नजरेस येते. एखादा कारकून स्कूटरवरून कचेरीत जातो. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला धक्का लागला तर त्याची भरपाई व्हावी म्हणून त्याला विमा उतरवावाच लागतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ही सक्ती होती आणि १९८८ च्या कायद्यातही ती आहे. पण एकच अरुंद जिना असलेल्या खोलीत शंभर मुलांना बसवून शिकवणी घेणाऱ्यावर मात्र अशी सर्वसाधारण सक्ती नाही. सुरतमध्ये २४ मे २०१९ रोजी शिकवणी वर्ग असलेल्या व्यापारी संकुलातील आगीने २२ विद्यार्थ्यांचे प्राण घेतले, तरीही नाही.

हा विमा घेताना काही गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात. विम्याच्या रकमेला दोन मर्यादा असतात, एका अपघातासाठीची आणि संपूर्ण वर्षासाठीची. न्यायालयात बचाव करण्याचा खर्चही या मर्यादेत राहून सामान्यतः विमा कंपनी देते. मात्र स्वतःच्या नोकरांची दुखापत त्यात येत नाही. कामगारांच्या भरपाईची तरतूद १९२३ पासून स्वतंत्र आहे आणि आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाली आहे. तिच्यासाठी राज्य कामगार विमा योजना किंवा वेगळी पॉलिसी लागते. विकलेल्या वस्तूतील दोषामुळे पुढे झालेली इजाही बहुधा वेगळ्या विम्याचा विषय असतो. सरकारी दंड आणि जाणूनबुजून केलेला कायदेभंग यांना कोणताच विमा आधार देत नाही. अपघाताची खबर कंपनीला तत्काळ दिली नाही, तर भरपाईचा दावा अडचणीत येतो.

विमा काढला की मालक बेफिकीर होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु विमा कंपनी धोका पाहून हप्ता ठरवते. अग्निशामक साधने आहेत काय, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आहे काय, वीजजोडणी योग्य आहे काय, हे प्रश्न तिला विचारता येतात आणि तिने ते विचारलेच पाहिजेत. महापालिकेच्या निरीक्षकाशिवाय आणखी कोणीतरी दुकानाच्या सुरक्षिततेत पैशाने गुंतलेला असणे, हा समाजाचा फायदाच आहे. मात्र विमा हा दक्षतेला पर्याय नव्हे. छावणीतील ती सात माणसे कोणत्याही भरपाईने परत येणार नाहीत.

हप्त्याचा बोजा लहान व्यावसायिकाला जड वाटतो, ही अडचणही खरी आहे. मराठवाड्यातील लघुउद्योजकांची ‘मसिआ’ ही संघटना आणि बाजारपेठांतील व्यापारी संघ यांनी सभासदांसाठी एकत्रितपणे विमा कंपन्यांशी बोलणी केली, तर तो हलका होऊ शकेल. महापालिकेनेही जेथे लोक मोठ्या संख्येने जमतात अशा उपाहारगृहांना, मंगल कार्यालयांना आणि शिकवणी वर्गांना परवाना देताना किंवा नूतनीकरण करताना या विम्याचा विचार करावयास हवा.

पण केवळ शासनाकडे बोट दाखवून भागणार नाही. दुकानाच्या वर भाड्याने राहणारा कारकून, खानावळीत जेवणारा विद्यार्थी, मुलाला शिकवणीला पाठवणारा शिक्षक, हेच ते तिऱ्हाईत आहेत. करारावर सही करताना किंवा फी भरताना त्यांनी दोन प्रश्न विचारण्यास कचरू नये: आग लागली तर बाहेर पडायचे कोठून, आणि आमचे नुकसान झाले तर ते भरून देण्याची तजवीज काय? गिऱ्हाईक विचारू लागले की व्यापारी उत्तर शोधू लागतो. स्वतःच्या मालाची काळजी घेण्यास बँकेने त्याला शिकवले आहे. शेजाऱ्याच्या जिवाची काळजी घेण्यास आता समाजाने शिकवले पाहिजे.