काम काय, ते आधी सांगा

नोकरीची जाहिरात वाचणारा माणूस तीन गोष्टी शोधत असतो: करायचं काय, जायचं कुठे आणि हातात पडणार किती. नवी मुंबईतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती चाळल्या तर बऱ्याचदा नेमक्या याच तीन गोष्टी गायब असतात. विशेषणं मात्र भरपूर. उमेदवार उत्साही हवा, स्वयंप्रेरित हवा, दबावाखाली काम करणारा हवा, संवादकौशल्य उत्तम हवं. एचआरची माणसं ज्याला 'जेडी' म्हणतात, ते खरं तर कामाचं वर्णन. पण त्यात काम कमी आणि आदर्श माणूसच जास्त रंगवलेला असतो. जाहिरात फसते ती इथेच, असं माझं ठाम मत आहे. माणूस कसा हवा हे लिहिण्याऐवजी सोमवारी सकाळी त्याला काय करावं लागेल हे लिहिलं, तर योग्य माणूस स्वतःच पुढे येतो.

माणसाचं वर्णन करायला बसलं की लिहिणाऱ्याच्या मनातले ग्रह अलगद कागदावर उतरतात. १९७४ साली पुण्यातल्या टाटांच्या टेल्को कंपनीला अभियंते हवे होते आणि जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं लिहिलं होतं. तेव्हाच्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि पुढे त्या तिथे रुजू झाल्या. दोन वर्षांनी आलेल्या समान वेतन कायद्याने भरतीतला असा भेदभाव बेकायदा ठरवला. तरीही मे २०२४ मध्ये गिरगावातल्या ग्राफिक डिझायनरच्या जागेसाठी मराठी माणसांचं स्वागत नाही, अशा अर्थाची जाहिरात समाजमाध्यमांवर झळकली आणि संताप उसळल्यावर माफी मागावी लागली. ही उघड उदाहरणं झाली. छुपी जास्त असतात. डॅनिएल गौचर, जस्टिन फ्रीझन आणि अॅरन के यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं, की आक्रमक, वर्चस्व गाजवणारा अशा पुरुषी छापाच्या शब्दांनी भरलेली जाहिरात स्त्रियांना कमी आकर्षक वाटते. काम जमणार नाही असं त्यांना वाटत नव्हतं. आपण तिथे परके ठरू, असं वाटत होतं.

आता ठिकाणाचं पाहू. 'स्थळ: नवी मुंबई' याचा अर्थ काय? दिघा ते बेलापूर ही महापालिकेची हद्द झाली. बोलीभाषेत तळोजा, उलवे आणि उरणही त्यात येतात. कल्याणहून येणाऱ्याला रबाळे आणि उरण यांत रोजच्या कित्येक तासांचा फरक पडतो. 'फिरत्या पाळ्या' या दोन शब्दांचंही तसंच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्रियांना रात्रपाळी द्यायची तर त्यांची संमती लागते, शिवाय सुरक्षिततेची आणि घरी पोहोचवण्याची सोयही. म्हणजे गाडीची व्यवस्था करायचीच आहे. मग ती जाहिरातीत लिहायला काय हरकत आहे? त्या एका ओळीवर घरातल्या कितीतरी चर्चा मिटतात.

न्हावाशेव्याच्या बंदराभोवतीच्या गोदामांतलं टॅली क्लार्कचं काम घेऊ. 'लॉजिस्टिक्स एक्झिक्युटिव्ह, पदवीधर, मेहनती' असं लिहिता येतं. किंवा असं: 'कंटेनरचं सील उघडण्याआधी त्याचा नंबर कागदांशी ताडून पाहायचा. उतरणारे खोके मोजायचे, फुटलेल्यांचे फोटो काढायचे, पाळी संपण्याआधी संगणकात नोंद करायची. बराच वेळ उभं राहावं लागतं, उन्हाळ्यात शेडमध्ये उकडतं. बारावी पुरे, इंग्रजी आकडे आणि मालाची नावं बिनचूक वाचता यायला हवीत.' हे वाचून ज्याला उकाडा नको तो थांबेल, आणि पदवी नसलेला पण नजरेचा पक्का मुलगा अर्ज करेल.

यावर आक्षेप येतो की इतकं सोपं लिहिलं तर अर्जांचा पूर येईल. जुलै २०२४ मध्ये कलिन्याला विमानतळावरच्या सुमारे २,२०० जागांसाठी २५ हजारांच्या आसपास तरुण लोटले, तेव्हा चेंगराचेंगरीची वेळ आली होती. ती भीती खोटी नाही. पण ती गर्दी बेकारीची होती आणि सगळ्यांना प्रत्यक्ष बोलावल्याने ती एका दारावर आली. गोलमोल जाहिरातीने गर्दी घटत नाही, फक्त आंधळी होते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत. ज्यांची गावं त्या धावपट्टीसाठी उठली, त्या तरघर-वाघिवलीच्या मुलांना 'ग्राउंड स्टाफ' म्हणजे सामान चढवणं, की काउंटरवर बसणं, हे कळण्याचा पहिला हक्क आहे.

पगार लपवण्यामागे स्पर्धक कंपन्यांचं कारण दिलं जातं. सिडको किंवा महापालिकेची जाहिरात वेतनश्रेणी छापते, आणि त्यांचं काही अडत नाही. (तिथे उणीव उलटी: पगार कळतो, दिवसभर काय करायचं ते नाही.) युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशात मुलाखतीआधी पगाराचा अंदाज सांगणं बंधनकारक केलं. किमान-कमाल आकडा आणि त्यातून कापून हातात किती येतील, एवढं लिहिलं तरी तिसऱ्या फेरीत फिसकटणाऱ्या बोलण्यांचा वेळ वाचतो.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: काम सतत बदलतं, मग वर्णन किती बांधून ठेवायचं? म्हणून तर जुन्या जेडीत नवी तारीख घालून चालत नाही. जागा रिकामी झाली की सोडून जाणाऱ्यालाच विचारावं, गेल्या आठवड्यात रोज काय केलंस? 'आणि वरिष्ठ सांगतील ती इतर कामे' या ओळीत काय काय दडलंय, ते तोच उलगडेल. दोन जहाजांचा माल एकदम आला की जेवायला चार वाजतात, हेही तोच लिहील.