जांभळी रेघ

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये एक प्रयोग असतो. पाण्याची टाकी, काचेची नळी आणि नळीच्या तोंडाशी जांभळं पाणी सोडणारी बारीक सुई. जांभळं म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचं. कॉक अलगद उघडला की रंगाची रेघ ताठ, सुतासारखी धावते. आणखी उघडला की ती लचकते आणि पुढच्या क्षणी विस्कटून नळीभर पसरते. आमच्या बॅचने रीडिंग्ज मात्र आदल्या वर्षीच्या जर्नलातून उतरवली होती. ओरलला एक्स्टर्नलने विचारलं, "रेनॉल्ड्स कोण होता?" चौघांत मिळून एकच उत्तर निघालं : "सर, सायंटिस्ट."

ते खरं होतंच, पण रेनॉल्ड्स हाडाचे इंजिनिअर आणि पोटापाण्याने मास्तर. ऑस्बर्न रेनॉल्ड्स जन्मले १८४२ मध्ये, बेलफास्टला. वडील पाद्री आणि शाळामास्तर. शेतीची यंत्रं सुधारून त्यांची पेटंटं घ्यायचा त्यांना नाद. मुलाचं शिक्षण बरंचसं त्यांच्याच हाताखाली झालं. ते आटोपल्यावर १८६१ मध्ये पोरगा थेट केंब्रिजला गेला नाही. स्टोनी स्ट्रॅटफर्ड गावात एडवर्ड हेज यांच्या कारखान्यात तो उमेदवारीला राहिला. यंत्रांशी झटताना गणित हवं हे उमगलं, मग केंब्रिजचं क्वीन्स कॉलेज. १८६७ च्या गणिताच्या मानाच्या परीक्षेत सातवा नंबर. आपल्याकडे क्रम उलटा : आधी चार वर्षं समीकरणं, मग नोकरीत पान्याची ओळख.

लंडनच्या एका सिव्हिल इंजिनिअरिंग कचेरीत थोडं काम केलं, तोवर मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाची जागा निघाली. शहर गिरण्यांचं, जागेसाठी पैसा कारखानदारांचा. १८६८ मध्ये पंचविशीतले रेनॉल्ड्स तिथे रुजू झाले. (पुण्यातला इंजिनिअरिंगचा वर्ग तेव्हा चौदा वर्षांचा होता, ही आपली एक फुशारकी.) ती खुर्ची त्यांनी ३७ वर्षं सांभाळली.

शिकवणं मात्र विचारू नका. पुढे इलेक्ट्रॉन शोधणारे जे. जे. थॉमसन लहान वयात त्यांच्या वर्गात होते. त्यांनी आठवणी लिहून ठेवल्या आहेत. सर तासाला यायचंच विसरत. पोरं दहा-पंधरा मिनिटं वाट पाहून शिपायाला धाडत. मग सर गाऊन चढवत धावत येत, टेबलावरचं रँकिन यांचं इंजिनिअरिंगचं पुस्तक कुठंतरी उघडत आणि एखादं सूत्र चूक आहे असं जाहीर करत. फळ्याकडे तोंड, वर्गाकडे पाठ, लिहिणं-पुसणं, स्वतःशीच बोलणं. तास संपता संपता निष्कर्ष निघे : रँकिनचंच बरोबर! आजच्या फीडबॅक फॉर्ममध्ये त्यांचं काय झालं असतं, देव जाणे. पण विचार करणारं डोकं चुकतं कसं आणि सावरतं कसं, हे त्या वर्गात फुकट बघायला मिळालं.

त्यांचे विषय अगदी पायाखालचे. ओल्या पुळणीवर पाऊल टाकलं की भोवतालची वाळू क्षणभर कोरडी, पांढुरकी होते, हे कोकणात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. घट्ट बसलेले कण दाबाने सरकायचे तर त्यांना आधी एकमेकांपासून जरा दूर व्हावं लागतं. मधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी त्यांत ओढलं जातं. हे कोडं रेनॉल्ड्सनी १८८५ मध्ये उलगडलं. (पुढे सबंध विश्वच अशा कणांचं बनलंय असं त्यांनी १९०३ मध्ये मांडलं, ते कुणी मनावर घेतलं नाही.)

वंगणाची गोष्ट त्याहून मजेदार. बीचम टॉवर नावाचे इंजिनिअर बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला वरून भोक पाडलं, तर तेल उलट बाहेर येऊ लागलं. बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही उडाली. रेनॉल्ड्सनी १८८६ मध्ये गणित मांडून दाखवलं : फिरता दांडा तेलाला निमुळत्या फटीत खेचतो, तिथे दाब तयार होतो आणि दांडा तेलाच्या पापुद्र्यावर अक्षरशः तरंगतो. तुमच्या मोटारीच्या इंजिनातला क्रँकशाफ्ट आजही तसाच तरंगतो.

पण नाव झालं १८८३ च्या त्या रेघेमुळे. सहा फूट लांबीची टाकी, आत कर्ण्यासारख्या तोंडाची काचेची नळी. पाणी भरून कित्येक तास निवांत ठेवायचं, मगच कॉक उघडायचा. रेघ मोडली की नुसता रंगाचा ढग दिसे. विजेच्या ठिणगीच्या उजेडात पाहिलं तर त्यात सुटी सुटी वेटोळी दिसत. वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची घनता यांचा गुणाकार करून व्हिस्कॉसिटीने भागलं की एक आकडा येतो, आणि रेघ टिकणार की मोडणार हे तो सांगतो. सुमारे २,००० च्या खाली कितीही ढवळा, प्रवाह पुन्हा शांत होतो. त्या आकड्याच्या वर रेघ सरळ राहते ती केवळ कुणी धक्का दिला नाही म्हणून. या आकड्याला रेनॉल्ड्सचं नाव दिलं जर्मन भौतिकशास्त्रज्ञ सोमरफेल्ड यांनी, १९०८ मध्ये. तोवर प्रकृती ढासळल्यामुळे रेनॉल्ड्स निवृत्त झाले होते. १९१२ मध्ये सॉमरसेटमधल्या वॉचेट या बंदराच्या गावी ते वारले.

ते मूळ उपकरण मँचेस्टरला अजून जपलेलं आहे. रेनॉल्ड्सनी आकडा सुमारे १३,००० होईपर्यंत रेघ सरळ ठेवली होती. विसाव्या शतकात तिथेच प्रयोग पुन्हा केला, तर ती बरीच आधी मोडू लागली. बाहेरच्या रस्त्यावरच्या गाड्यांची धडधड टाकीत उतरत होती.

आमचे लॅबमधले मामा दर प्रॅक्टिकलला ओरडायचे, "टेबलाला टेकू नका रे!" आम्हाला वाटायचं, त्यांना फर्निचरची काळजी.