स्विच फिरला, पण नकाशाला कळलं का?

या भागाचं हे शब्दांकन. नुसतं ऐकताना स्विच आणि आकड्यांची गल्लत होऊ शकते, म्हणून उदाहरण इथे जरा सावकाश लिहिलंय.

आजचा विषय आहे वीज कंपनीच्या नेटवर्कचा नकाशा. २००८ मध्ये केंद्राची आर-एपीडीआरपी योजना आली. शहरांमधल्या वाहिन्या, रोहित्रं जीआयएसवर आणायची आणि कुठला ग्राहक कुठल्या रोहित्रावर आहे ते नोंदवायचं, हे काम तिच्यात होतं. मोठं काम, पण एकदा सर्व्हे केला की खांब काही जागा सोडत नाही. अवघड भाग पुढे आहे. त्या खांबावर वीज कुठून येतेय, हे एकाच दिवसात दोनतीनदा बदलू शकतं.

आधी नेटवर्क समजून घेऊ

समजा एका गावात ११ केव्हीच्या दोन वाहिन्या आहेत, ‘बाजारपेठ’ आणि ‘स्टेशन रोड’. म्हणजे आपण ज्यांना फीडर म्हणतो त्या. दोन्हींची टोकं एका स्विचपाशी भेटतात. तो स्विच एरवी उघडा असतो, म्हणून त्याला ‘नॉर्मली ओपन’ म्हणतात. इथे एक गंमत लक्षात ठेवा. नळ उघडला की पाणी येतं, पण स्विच उघडला की वीज थांबते. नवीन माणसाचा घोळ हमखास इथेच होतो.

आता पावसाळ्यात झाडाची फांदी पडून बाजारपेठ वाहिनी मध्येच तुटली. लाईनमन काय करतो? तुटलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंचे स्विच उघडतो आणि टोकाचा नॉर्मली ओपन स्विच बंद करतो, म्हणजे जोडतो. पलीकडच्या रोहित्रांना आता स्टेशन रोडकडून वीज मिळते. लोकांचे दिवे तासाभरात येतात. उत्तम काम! पण नकाशा अजूनही म्हणतोय की ही रोहित्रं बाजारपेठेवरच आहेत.

मग बिघडतं काय?

पहिला प्रश्न जिवाचा. दुसऱ्या दिवशी वेगळी टीम येते. नकाशा बघून बाजारपेठ वाहिनी बंद करून घेते आणि त्याच पलीकडच्या भागात काम काढते. तिथली लाईन मात्र स्टेशन रोडवरून जिवंत आहे. म्हणूनच परमिट, टेस्टरने तपासणी आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावायचा नसतो. नकाशा कितीही चांगला असला तरी या तीन गोष्टींची जागा घेत नाही. पण चुकीचा नकाशा माणसाला खोटा विश्वास देतो, आणि घाईच्या वेळी तोच महागात पडतो.

दुसरा प्रश्न हिशोबाचा. समजा दोन्ही वाहिन्यांना महिन्याला प्रत्येकी ५ लाख युनिट जातात आणि प्रत्येकीवर बिलं ४.४ लाख युनिटची होतात. गळती १२ टक्के. आता १ लाख युनिटचा भार महिनाभर इकडून तिकडे गेला, पण ग्राहकांची नोंद जुनीच राहिली. बाजारपेठेला गेले ४ लाख आणि बिल ४.४ लाखांचं, म्हणजे गळती उणे १० टक्के! स्टेशन रोडला गेले ६ लाख, बिल तेवढंच ४.४ लाखांचं. गळती जवळपास २७ टक्के. प्रत्यक्षात कुणी एक युनिटही जास्त चोरलेलं नाही.

महाराष्ट्रात महावितरणने गळती आणि वसुलीवरून वाहिन्यांचे ‘ए’ ते ‘जी’ असे गट केले, आणि भारनियमनाची झळ खालच्या गटांना जास्त बसत आली. म्हणजे हा आकडा फाईलमध्ये पडून राहत नाही. कुणाच्या घरी अंधार आधी होणार, तेही त्यावर ठरू शकतं.

सॉफ्टवेअरने काय करावं?

माझ्या मते मूळ चूक अशी की आपण प्रत्येक स्विचसाठी एकच रकाना ठेवतो. रकाने दोन हवेत. एक, ‘नेहमीची स्थिती’ आणि दुसरा, ‘आत्ताची स्थिती’. तात्पुरता बदल फक्त दुसऱ्यात जातो. सोबत कुणी केला, किती वाजता, कशासाठी आणि कधीपर्यंत, एवढं लिहायचं. मुदत उलटली की सिस्टीमने उपकेंद्राला विचारायचं, ‘पूर्ववत केलं की हा बदल कायम करायचा?’ उत्तर माणसानेच द्यायचं. नाहीतर काय होतं, तात्पुरतं म्हणून केलेलं दोन वर्षं तसंच राहतं.

जंपर काढला किंवा नवा बांधला तर नकाशावर स्विचचं चिन्हच नसतं. त्यासाठी ‘तात्पुरता तोड’ आणि ‘तात्पुरता जोड’ अशा खुणा लागतात. आणि नोंद परमिट बंद करतानाच व्हायला हवी. संध्याकाळी ऑफिसात आठवून लिहू म्हटलं की अर्धं राहून जातं.

शेवटी तपासणी. अशा वाहिन्यांवर नेहमीच्या चालू स्थितीत प्रत्येक रोहित्राला एकच स्रोत असतो. जोडलेल्या स्विचमधून प्रोग्रॅमने माग काढायचा. दोन स्रोत सापडले किंवा नकाशावर एकही नाही आणि मीटर मात्र फिरतोय, तर कुठेतरी नोंद चुकलीय. स्मार्ट मीटर असतील तर अजून सोपं. बाजारपेठ वाहिनी ट्रिप झाली आणि तिच्यावर नोंदलेले चाळीस मीटर चालूच राहिले, तर ते चाळीस तिच्यावर नाहीत. पुढच्या सर्व्हेची वाट बघायची गरज नाही.

मंडळी, तुमच्यापैकी कुणी उपकेंद्रात किंवा लाईनवर काम करत असाल तर जरूर कळवा, तुमच्याकडे स्विचिंगची नोंद रजिस्टरमध्ये होते, व्हॉट्सॲपवर होते की थेट सिस्टीममध्ये? पुढच्या भागात तुमची उत्तरं घेऊन बोलू. तोपर्यंत, काळजी घ्या!